डेन्मार्कची माणसे : उदास की सुखी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करायची सवय नाही. आजवर या व्यासपीठाजवळ मी आले ती समई लावायला, नाहीतर खुर्च्या मोजायला. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झाले तर पदरात घ्यावे.

विषय कसा निघाला ते आधी सांगते. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या लेकीची चौकशी निघाली. ती डेन्मार्कात असते, कोपनहेगनला. कोणी म्हणाले, "भाग्यवान आहे हो, जगातला सुखी देश तो!" त्यावर आपल्यातल्या एक निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, "कसला सुखी! हॅम्लेटचा देश तो. उदास, कुढी माणसं." झाले, तिळगूळ राहिला बाजूला आणि वाद पेटला. मी तिथे तीन महिने राहून आलेली, म्हणून निवाडा माझ्यावर सोपवला. निवाडा करण्याइतकी मी शहाणी नाही. पण तिथे पाहिले, लेकीने आणि जावयांनी वाचून दाखवले, आणि परत आल्यावर आपल्या वाचनालयातून जे मिळाले, ते सांगते.

या देशाशी आपली अगदीच ओळख नाही असे नाही. आमच्या यजमानांचे मामा पवईला लार्सन अँड टूब्रोत फिटर होते. ते दोन साहेब, हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टूब्रो, डेन्मार्कचेच. 1938 साली मुंबईत त्यांनी भागीदारी थाटली, आणि सुरुवातीला ते आपल्या देशातली दुग्धशाळेची यंत्रे इथे विकत. होल्क-लार्सन तर पुढे इथलेच झाले, 2003 साली वारले तेही मुंबईतच. मामा त्यांच्याविषयी बोलत ते एवढेच की साहेब कमी बोलायचा. उदास होता की सुखी, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

आता हॅम्लेट. इंग्रजांचा कवी शेक्सपिअर याने 1600 च्या सुमारास हे नाटक लिहिले. बाप मेलेला, चुलत्याने राज्य घेतलेले आणि आईशी लग्न लावलेले, आणि राजपुत्र सूड घेऊ की नको या विचारातच झुरतो आहे. आपल्याकडे हे नाटक गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने आणले. 1882 साली टिळकांबरोबर ते डोंगरीच्या तुरुंगात होते तेव्हा या कामाला लागले होते, आणि पुस्तक निघाले 1883 साली. गणपतराव जोशी ती भूमिका करीत तेव्हा थिएटर थरारून जाई म्हणतात. तर डेन्मार्कचा माणूस म्हणजे काळे कपडे घालून एकट्याने बोलणारा, ही समजूत महाराष्ट्रातही शंभर-सव्वाशे वर्षांची आहे.

ते नाटक जिथे घडते तो किल्ला मी पाहिला. हेल्सिंगोर गावी समुद्रावर आहे, नाव क्रोनबोर्ग. समोर पाण्यापलीकडे स्वीडन दिसते, जेमतेम चार किलोमीटरवर. नोव्हेंबरातला वारा असा की माझ्या शालीतून आरपार जात होता. जावई म्हणाले, शेक्सपिअर इथे कधी आल्याचा पुरावा नाही. आणि गंमत पुढेच आहे. मुळात ही गोष्ट डेन्मार्कचीच. साक्सो नावाच्या पंडिताने 1200 च्या सुमारास आपल्या देशाची बखर लिहिली, तीत ती आहे. तिथल्या राजपुत्राचे नाव आम्लेथ. तो चुलीपाशी राखेत बसतो, वेड्याचे सोंग घेतो आणि लाकडाचे आकडे तासत राहतो. लोक हसतात. पुढे एक दिवस सगळ्या दरबाऱ्यांना दारू पाजून झोपवतो, भिंतीवरचा पडदा त्यांच्यावर पाडून त्याच आकड्यांनी जखडून टाकतो, वाड्याला आग लावतो, चुलत्याला मारतो आणि स्वतः राजा होतो. झुरणे-बिरणे काही नाही. पक्का बेरकी! म्हणजे डेन्मार्कने इंग्रजांना दिला तो चलाख माणूस, आणि इंग्रजांनी जगाला दाखवला तो उदास. एखाद्या घराण्याविषयी गावात काय पसरावे हे त्या घराण्याच्या हातात नसते, तसेच हे.

पण सगळा दोष इंग्रजांवर टाकून चालणार नाही. त्यांच्यात खरेच उदास मोठी माणसे होऊन गेली. सोरेन किर्केगार्ड म्हणून तत्त्वज्ञ होता, 1813 ते 1855. त्याच्या आडनावाचा अर्थच मुळी चर्चलगतची दफनभूमी! त्याचा बाप लहानपणी जटलंडच्या माळावर मेंढ्या राखी. थंडी आणि भूक सोसवेना म्हणून एकदा टेकाडावर उभे राहून त्याने देवाला शिव्याशाप दिले. पुढे तो लोकरीच्या व्यापारात गबर झाला, पण आपल्याला शिक्षा होणार ही धास्ती जन्मभर गेली नाही. सात मुलांपैकी पाच त्याच्या डोळ्यांदेखत गेली. अशा बापाच्या मांडीवर वाढलेला मुलगा. रेगीना ओल्सेन नावाच्या मुलीशी त्याचे लग्न ठरले होते. आपल्या काळ्या मनाची सावली तिच्यावर नको म्हणून 1841 साली त्याने ते मोडले, असे सांगतात. त्याची पुस्तके मला कळणारी नव्हेत. पण मला राहून राहून त्या मुलीचे वाटले. तिला कोणी विचारले असेल का?

दुसरा हान्स अँडरसन, मुलांच्या गोष्टींचा. ओडेन्सच्या चांभाराचा मुलगा, आई लोकांचे कपडे धुणारी. तिला लहानपणी भीक मागायला घराबाहेर घालवीत, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. थंडीत आगपेट्या विकणारी ती पोर, कुरूप बदकाचे पिल्लू, ती जलपरी. यांतल्या कितीशा गोष्टी हसवतात? काडेपेटीवाल्या पोरीची गोष्ट 1845 ची. मी लेकीला लहानपणी ती सांगत असे आणि शेवट बदलून सांगत असे. मोठी झाल्यावर तिला खरा शेवट कळला तेव्हा ती माझ्यावर रागावली होती. हा अँडरसन स्वतः इतका भित्रा की प्रवासात आग लागली तर खिडकीतून उतरायला दोर बरोबर बाळगी, आणि झोपताना उशाशी चिठ्ठी ठेवी की मी फक्त मेल्यासारखा दिसतो आहे. जिवंतपणीच पुरतील ही भीती! हसू येते, पण पाचव्या मिनिटाला येत नाही.

आता आकडे सांगते, आणि ते हसण्यासारखे नाहीत. डेन्मार्कात आपणहून जीव देणाऱ्यांचे प्रमाण एके काळी जगात फार वरचे होते. 1980 च्या सुमारास लाखामागे तीसहून जास्त. शेजारच्या नॉर्वेत त्याच्या निम्म्याहून कमी. थंडी तीच, काळोखही तोच, किंबहुना नॉर्वेत जास्तच. मग असे का? एका अमेरिकन मनोवैद्याने, हर्बर्ट हेंडिन त्याचे नाव, 1964 साली यावर पुस्तक लिहिले. आणि दोष कोणाला दिला? आईला! डेन्मार्कची आई म्हणे मुलाला पदराशी फार बांधते आणि 'तुझ्यामुळे मला किती दुःख' असे जाणवून देऊन त्याला वळण लावते, म्हणून तो मोठेपणी खचतो. भगिनींनो, पोर बिघडले की आईचे लाड, पोर खचले की आईचा धाक, हे आपल्या ओळखीचे आहे. ते पार युरोपातही आहे हे ऐकून मला बरे वाटले की वाईट, सांगता येत नाही.

पुढची हकीकत मात्र त्या पुस्तकात नाही, कारण ती नंतरची आहे. ते प्रमाण उतरत गेले आणि हल्ली लाखामागे दहाच्या आसपास आले आहे. आया तर बदलल्या नाहीत. घातक औषधे सहजासहजी मिळेनाशी केली, घरातला विषारी गॅस गेला, खचलेल्या माणसाला रात्रीबेरात्री बोलता यावे म्हणून टेलिफोनची सोय झाली, दवाखान्यांनी लक्ष घातले. म्हणजे ज्याला सगळे 'त्या लोकांचा स्वभाव' म्हणत होते, त्यातला बराचसा भाग उपाय केल्यावर कमी झाला. या एका गोष्टीचा मी फार विचार केला आहे.

आता दुसरी बाजू. 1973 पासून युरोपच्या संघाकडून देशोदेशींच्या लोकांना विचारीत आले आहेत की तुम्ही आपल्या आयुष्याबद्दल समाधानी आहात का. डेन्मार्क पहिल्यापासून वर. निम्म्याहून अधिक माणसे सांगत, 'फार समाधानी'. सालाकडे लक्ष द्या. ज्या काळात ते त्या काळ्या यादीत वर होते, त्याच काळात या यादीतही वर होते! आधी दुःखी होते आणि मग सुखी झाले, असे नव्हे. दोन्ही एकाच वेळी, एकाच देशात. आपल्या शिक्षिकाबाई आणि हळदीकुंकवाच्या दिवशीच्या दुसऱ्या बाई, दोघीही त्या दिवशी खरेच बोलत होत्या.

2012 पासून जगाचा एक सुखाचा अहवाल निघतो. त्यात 2012, 2013 आणि 2016 साली डेन्मार्क पहिला होता. 2018 पासून फिनलंडने पहिला नंबर धरला, आणि 2025 च्या अहवालातही फिनलंड पहिला, डेन्मार्क दुसरा. आपण त्या वर्षी 147 देशांत 118 वे. हे मोजतात कसे? तर माणसाला सांगतात, एक शिडी डोळ्यांपुढे आणा. खाली शून्य, वर दहा. वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने चांगल्यात चांगले आयुष्य, खालची म्हणजे वाईटात वाईट. आज कितव्या पायरीवर आहात? वर्षाला एका देशातली हजारएक माणसे विचारतात. हजारांवरून साठ लाखांचे मन कळते का, ही शंका मी जावयांना विचारली. ते म्हणाले, भाताची परीक्षा शितावरून. मी म्हटले, शितावरून भात शिजला की नाही ते कळते, गोड लागला की नाही ते खाणाऱ्याला विचारा. असो.

तरी त्या प्रश्नात हसण्या-नाचण्याचे नाव नाही हे लक्षात घ्या. आपल्याकडे आनंद निराळा आणि समाधान निराळे. त्यांच्याकडेही समाधानाला निराळा शब्द आहे, आणि लेकीने सांगितले की त्या शब्दाच्या पोटात 'शांतता' हा शब्द बसलेला आहे. मला ते पटले. मी तीन महिन्यांत कोपनहेगनच्या रस्त्यावर खदाखदा हसणारे माणूस क्वचितच पाहिले. पण भांडणारे, हॉर्न वाजवणारे, रांगेत घुसणारे तर नाहीच पाहिले.

2006 साली इंग्लंडच्या डॉक्टरांच्या एका नामांकित साप्ताहिकाने नाताळच्या अंकात अर्ध्या थट्टेने एक लेख छापला. डेन्मार्कचे लोक इतके समाधानी का? उत्तर असे की पुढच्या वर्षाकडून त्यांच्या अपेक्षाच माफक असतात. फार मागत नाहीत, म्हणून निराशही होत नाहीत. शिवाय 1992 साली त्यांनी फुटबॉलची युरोपची स्पर्धा जिंकली, त्याचाही आनंद अजून पुरतो आहे म्हणे. ती हकीकत खरोखर मजेची. ते स्पर्धेत नव्हतेच. युगोस्लाव्हियाला लढाईमुळे बाहेर काढले, म्हणून आयत्या वेळी यांना बोलावले. आणि आयत्या वेळच्या पाहुण्यांनी अंतिम सामन्यात जर्मनीला दोन गोलांनी हरवले! मागणे थोडे असले की मिळालेले केवढे मोठे वाटते.

मागणे थोडे का झाले, त्याला इतिहासही आहे. एके काळी त्यांचे राज्य मोठे. 1807 साली इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, 1813 साली सरकारचे दिवाळे निघाले, 1814 साली नॉर्वे गेले, आणि 1864 साली जर्मनांशी लढाईत दक्षिणेकडचा मोठा मुलूख गेला. हरत हरत देश लहानसा उरला. मग त्यांनी ठरवले, बाहेर गेले ते गेले, आत जे आहे तेच पिकवू. 1866 साली एक संस्था काढून जटलंडचे ओसाड माळ लागवडीखाली आणायला सुरुवात केली. त्याच माळांवर किर्केगार्डच्या बापाने देवाला शिव्या दिल्या होत्या. ग्रुंटविग नावाच्या पाद्र्याच्या विचाराने शेतकऱ्यांच्या प्रौढ मुलांसाठी शाळा निघाल्या, पहिली 1844 साली रोडिंगला. तिथे परीक्षा नाहीत, हे ऐकून मला आपण तिथे का जन्मलो नाही असे वाटले. 1882 साली पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. म्हशी-गाई राखणाऱ्या आपल्या भगिनींना मुद्दाम सांगते.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला चांगली की वाईट ते ठरवता आले नाही. सांडेमोस नावाच्या लेखकाने 1933 साली एका कादंबरीत यांते नावाच्या काल्पनिक गावाचे दहा नियम लिहिले. त्यांचा मथितार्थ एकच, तू स्वतःला कोणी विशेष समजू नकोस. ते त्याने टोचून लिहिले होते. पण अजून लोक म्हणतात की हा त्यांचा खरा स्वभाव. डॉक्टर आणि झाडूवाला एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. पगारातला तिसरा हिस्सा ते निम्मा करात जातो, वर खरेदीवर शंभराला पंचवीस. पण शाळा, दवाखाना फुकट. कोणी फार खाली पडत नाही आणि कोणी फार वर चढलेले खपत नाही. हुशार मुलीचे पंख कापायलाही हाच नियम कामी येत असेल, असे माझे आपले मत.

आता मी पाहिलेले थोडे. मी 2024 च्या नोव्हेंबरात गेले. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा सगळे बांधून. डिसेंबरात तिथे साडेआठनंतर उजाडते आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळते. तो मावळलेला दिवस मला खायला उठे. पण कातरवेळ झाली की प्रत्येक खिडकीत मेणबत्ती. आपण देवापाशी दिवा लावतो, तशी ती माणसे माणसांपाशी दिवा लावतात. चार जण जमावे, काहीतरी गरम प्यावे, वादाचे विषय काढू नयेत. याला त्यांचा शब्द आहे 'ह्यूगे'. मात्र त्या उजेडात परक्याला चटकन बोलावत नाहीत. लेकीच्या शेजारणीने दोन वर्षांत तिला घरात बोलावले नव्हते. आपल्या चाळीत दोन दिवसांत कुंडली विचारतील.

आणि बाळे! बर्फाच्या दिवसांत बाळाला गाडीत गुंडाळून दाराबाहेर झोपवतात. आई आत कॉफी पिते, बाळ फुटपाथवर. मी तर पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या गाडीपाशी राखण करीत उभी राहिले. ती आई बाहेर आली आणि माझ्याकडेच संशयाने बघू लागली! 1997 साली एका डेन्मार्कच्या बाईने न्यूयॉर्कमध्ये असेच बाळ हॉटेलाबाहेर ठेवले, तर पोलिसांनी तिला अटक केली आणि मूल काही दिवस काढून घेतले. तिच्या देशात सगळे चकित. यात गुन्हा काय?

आता जे सांगायचे की नाही यावर मी आठ दिवस विचार केला, ते. लेकीने परवानगी दिली आहे.

नातू झाला, सुखरूप झाला. तिसऱ्या आठवड्यापासून लेक रडायला लागली. बाळाला पाजताना रडे, भात कालवताना रडे. मी म्हटले, "अगं, सोन्यासारखं बाळ, काळजी घेणारा नवरा, आणि जगातल्या सुखी देशात बसून तुला रडायला काय झालं?" ती म्हणाली, "तेच तर मला कळत नाही, आई." आणि आणखी रडली. माझे वाक्य तिच्या मदतीला नाही, तिच्या अंगावर गेले होते.

तिथे प्रत्येक बाळंतिणीच्या घरी सरकारी आरोग्यसेविका येते, फुकट. ती आली, बूट दारात काढले, बाळाला तोलले. मग एक कागद काढला. त्यावर दहा प्रश्न. हसू येते का, उगाच भीती वाटते का, झोप लागते का, रडू येते का, आणि शेवटचा, स्वतःला काही करून घ्यावेसे वाटते का. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. इंग्रजी मला येत नाही, पण लेक शेवटच्या प्रश्नाला किती वेळ गप्प बसली ते मला कळले. सेविकेने घाई केली नाही. 'असं बोलू नये' म्हणाली नाही. ऐकून घेतले, डॉक्टरांची वेळ ठरवली, आणि चार दिवसांनी पुन्हा आली. त्याच मोहल्ल्यातल्या चार नवीन आयांचा गट जुळवून दिला; त्या आठवड्यातून एकदा एकमेकींच्या घरी बाळे घेऊन बसत. दोन वर्षांत ज्यांचे दार उघडले नव्हते त्यांचे बाळामुळे उघडले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी निघाले तेव्हा लेक जेवत होती, झोपत होती.

जाताना सेविकेने लेकीकरवी मला विचारले होते, तुम्हाला तुमच्या बाळंतपणात असे झाले होते का? मी मान हलवून नाही म्हटले. रात्री लेकीला खरे सांगितले. धाकट्याच्या वेळी दोन महिने मी धुण्याच्या दगडापाशी बसून रडत असे, नळ सोडून, म्हणजे आवाज जाऊ नये. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्यांनी जे येत होते ते मायेने केले, त्यांना बोल नाही. पण मला विचारले कोणी नाही, आणि मीही सांगितले नाही. घरात मी हसतमुख म्हणून प्रसिद्ध होते. त्या शिडीवाल्याने तेव्हा विचारले असते तर मी आठवी पायरी सांगितली असती.

डेन्मार्कची माणसे उदास की सुखी, याचा निवाडा मी करीत नाही. शिक्षिकाबाईंनी आणि त्या दुसऱ्या बाईंनी तिळगूळ घेऊन तो आपापसांत मिटवावा.

माझी मंडळापुढे एक सूचना आहे. आपल्या वस्तीत सध्या तीन बाळंतिणी आहेत. आपण बारशाला जातो, बाळंतविडा देतो, आणि मग थेट वाढदिवसाला जातो. मधल्या दोन-तीन महिन्यांत आपल्यातल्या दोघींनी प्रत्येक घरी एक-दोनदा जावे, बाळाकडे नव्हे, तिच्याकडे. ते दहा प्रश्न लेकीने मराठीत लिहून पाठवले आहेत. कागद कार्यवाहताईंकडे दिला आहे. दवाखान्यातल्या आरोग्यसेविकाबाईंना तो आधी दाखवावा, कोणती गोष्ट डॉक्टरांकडे न्यायची ते त्यांच्याकडून समजून घ्यावे, आणि मगच जावे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी नाव द्यावे. पहिले नाव मी लिहिले आहे.

बराच वेळ घेतला. आतले बटाटेवडे निवत चालले आहेत आणि ते तळणाऱ्या माझ्याकडे बघताहेत.